तुळाजीच्या तोंडचं कडवं

"फासाखाली उभा राहुनी तुळाजी बोलला वाणी,
मीच केलं हे पाप, आई, नको आणू डोळां पाणी,
लेकरांना धाकात ठेवा, बायांनो, ऐका कहाणी— जी जी र जी!"

रावबा शाहिरानं डफ डोक्यावर नेऊन गरकन फिरवला, तसा अख्खा बाजार हळहळला. बांगड्या भरायला आलेल्या बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. एक म्हातारा गुळाची ढेप खाली ठेवून नाक शिंकरायला लागला. रडली नाही ती एकटी सावळामावशी, तुळाजीची आई. माझा दंड धरून ती गर्दीत उभी होती. तिनं मला विचारलं, "केरबा, आपला तुळाजी कवा बोलला रं आसं?"

बोलला नव्हता. बोलणार कसा? तुळाजी त्या घटकेला बाजारापासून हाकेच्या अंतरावर, तुरुंगाच्या भिंतीआड बसून भाकरी खात होता. फाशी सोमवारी होती. हा शनिवारचा बाजार होता.

आता तुम्ही म्हणाल, केरबानं सुरुवातीलाच थाप मारली. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडली, एका इंग्रज कलेक्टराला माडीवरनं खाली उतरायची वाट दाखवली आणि तो अजून उतरतोच आहे, अशा कितीतरी. पण ही थाप माझी नाही. हा त्या काळच्या पोवाडेवाल्यांचा धंदाच होता. गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदाची आठ पानी चोपडी, वर एक चित्र, आत पोवाडा. जत्रेत नाहीतर बाजारात म्हणायचं आणि म्हणता म्हणता विकायचं. पूर आला, पूल पडला, कुणी कुणाला मारलं, की चारच दिवसांत त्याची चोपडी निघायची. आणि फाशी असली तर ती फाशीच्या आधीच छापून घ्यायला लागायची, कारण सगळ्यात जास्त खप फाशीच्या दिवशी, तुरुंगाच्या दारात. माणूस मरायच्या आधी त्याचे शेवटचे शब्द तयार असायचे. आणि ते शब्द ठरलेले: मीच केलं, मला पस्तावा झाला, आयांनो, आपल्या पोरांना जपा.

सावळामावशीला हे काय ठाऊक. तिनं सरळ रिंगण फोडलं आणि ती शाहिरापुढं जाऊन उभी राहिली.

"बुवा, त्यो तुळाजी माझा हाय."

रावबा चपापला. चाळिशीचा, उंचनिंच माणूस, तुरा काढलेला फेटा, गळ्यात चांदीचा बिल्ला. त्यानं डफ खाली घेतला आणि गर्दीला हातानं थोपवलं.

"माउली, बसा. पाणी प्या."

"पानी नगं. त्यो अजून जित्ता हाय. त्यो फासाखाली काय बोलंल, तुमाला कुनी सांगितलं?"

"सगळेच असं बोलतात, आई."

"माझा न्हाई बोलायचा. त्यानं केलंच न्हाई."

गर्दीतनं कुणीतरी हसलं. रावबानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरला. मग शाहिरानं एक चोपडी काढून तिच्या हातात दिली, जणू चूक झाली म्हणून पानसुपारी द्यावी तशी. तिनं वरचं चित्र पाहिलं. भरघोस मिशांचा, हातात तलवार घेतलेला, डोळे वटारलेला एक राक्षस. तोच ठसा मी मागल्या जत्रेत एका दरोडेखोराच्या चोपडीवर पाहिला होता, आणि त्याच्या आधल्या वर्षी कीचकाच्या.

"ह्यो कोन?" मावशीनं विचारलं.

"तोच. तुळाजी," रावबा जरा पडल्या आवाजात म्हणाला.

"त्याला मिशी कुठं फुटलीया अजून!"

पुन्हा हशा. मला राहवेना. मीही रिंगणात उतरलो. म्हणालो, "शाहीर, त्या रात्री तुळाजी माझ्यासंगं हुता. गुरवाचा खून झाला तवा आमी दोघं घाटात बसलो हुतो. पवाड्यात हे घाला."

"तुम्ही कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आमच्याच गावचा एक घोंगडीवाला मागनं ओरडला, "आरं, ह्यो थापाड्या केरबा! ह्याचं ऐकू नगा शाहीर, न्हाईतर पवाड्यात मगर घालाय लागंल!"

हसण्याचा असा लोंढा आला की रावबाच्या साथीदाराचं तुणतुणंही थरथरलं. मला ते हसू नवं नव्हतं. तेच हसू मी कोर्टात ऐकलं होतं.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगतो. आमच्या देवळातला चांदीचा मुखवटा चोरायला कुणी घुसलं आणि म्हातारा गुरव आडवा आला म्हणून त्याला मारून गेलं. त्या रात्री मी आणि तुळाजी मडक्यांची गाडी घेऊन जत्रेला निघालो होतो. घाटात गाडीचा कणा मोडला. रात्रभर तिथंच बसलो. उजाडल्यावर झाडाची फांदी तोडून कणा बांधला आणि जत्रा सोडून परत गावात आलो. तुळाजी देवाला हात जोडायला देवळात गेला, तर गुरव पडलेला. यानं त्याला उचलून मांडीवर घेतला, पाणी पाजायला बघितलं. म्हातारा तेव्हाच गेला. आणि माणसं आली तेव्हा तुळाजीचं धोतर, बंडी, हात, सगळं रक्तानं भरलेलं.

घाटात आम्हाला कुणी पाहिलं नाही. साक्षीला मी एकटा. पिंजऱ्यात उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा, मीठमसाला न घालता, जसं घडलं तसं सांगितलं. सरकारी वकिलानं एकच प्रश्न विचारला, "गावात तुम्हाला काय म्हणतात?" मी शपथेवर होतो. सांगितलं. मग काय, कोर्ट हसलं, शिरस्तेदार हसला, साहेबही रुमालाआड हसला. आमच्या गावची माणसं बाहेर येऊन म्हणाली, केरबा इतकं साधं बोलतोय म्हंजे नक्कीच कायतरी लपवतोय.

तर बाजारातही तेच. माझं डोकं फिरलं. शेजारी एक रिकामी बैलगाडी सोडलेली होती. मी तिच्यात चढलो आणि ओरडलो, "मंडळी, हिकडं या! खरं काय झालं ते मी सांगतो!"

माणसं आली. थापाड्या सांगतोय म्हटल्यावर येणारच. सावळामावशी पुढं उभी राहिली. माझ्याकडं ती अशी बघत होती की आता आपलं पोर हा सोडवून आणणार.

मी सांगायला लागलो. गाडी निघाली. घाट लागला. कणा मोडला.

"मग?" एकानं विचारलं.

"मग आमी बसलो."

"मग?"

"बसलोच."

"वाघ आला व्हय?"

"न्हाई."

"चोर दिसलं?"

"न्हाई रं बाबा. तुळाजीनं भाकरी सोडली. कांदा फोडला. थंडी हुती. त्यो म्हनला, आई वाट बघत बसली आसंल."

"आन् मग?"

"सकाळी कणा बांधला आन् आलो."

एक जण जांभई देत निघाला. मग दुसरा. पोरंबाळं तर आधीच पांगली होती. घोंगडीवाला जाताना म्हणाला, "केरबा, आज लई फिकं झालं बग." शेवटी गाडीपुढं सावळामावशी आणि गाडीचा मालक एवढेच उरले. मालकाला गाडी जुंपायची होती, म्हणून.

रावबा शाहीर लांबनं बघत होता. तो चालत आला, मला हात देऊन खाली उतरवलं.

"तुमचं खरं असेल," तो म्हणाला. "माझा विश्वास बसायला काही हरकत नाही. पण त्यात काही घडतच नाही हो. गाडी मोडली आणि माणसं बसली, याचा पोवाडा कसा करायचा?"

"मग मानूस मारायचा का त्यासाठी?" मी म्हणालो.

"माणूस मी मारत नाहीये, पाव्हणं."

त्याचंही बरोबर होतं. तो थोडा वेळ डफाच्या कडेवरनं बोट फिरवत राहिला. मग मावशीकडं वळला. "माउली, शेवटची भेट कधी आहे?"

"उद्या."

"मग असं करा. त्याला विचारा. त्याला लोकांना काय सांगायचंय ते त्याच्या तोंडून घेऊन या. मी केलं नाही म्हणाला, तर मी केलं नाही असं घालतो. माझा साडू इथल्याच छापखान्यात आहे, शेवटचं पान रातोरात बदलून देईल. सोमवारी दारात तुळाजीचे शब्द विकेन, माझे नाही. पण त्याच्या तोंडचे पाहिजेत. यांच्या तोंडचे नकोत." शेवटचं माझ्याकडं बोट दाखवून.

मावशीनं खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो मागं सरला. पोराचा जीव वाचेल ही आशा तिनं आता सोडली होती. पोर मेल्यावर गावोगाव, जत्रेजत्रेत त्याच्या नावानं 'मीच केलं' असं म्हणतील, तेवढं तिला पुसायचं होतं. दुसरं काही मागणं उरलंच नव्हतं.

रविवारी आम्हाला आत सोडलं. मधे गज, पलीकडं तुळाजी. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, डोकं भादरलेलं. मी धरून चाललो होतो की तो खंगला असेल, ओरडेल, डोकं आपटेल. तो चांगला ताजातवाना दिसत होता. माझ्याकडं बघून हसला.

"केरबा, माझा पवाडा ऐकलास का?"

मी मान हलवली.

"चार दिस झालं, भितीवरनं समदं आयकू येतं. आन् ह्या वार्डरला तर पाठच हाय." बाजूला किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला वॉर्डर ओशाळा होऊन वर बघायला लागला. "आदी मला शिव्या द्यायचा. आता तुळाजीराव म्हनतो. व्हय का न्हाई वो?"



सावळामावशीनं गजातनं हात घालून त्याची बोटं धरली. "लेकरा, नीट आयक. शाहीर भला मानूस हाय. त्यो म्हनतो, तुज्या तोंडचं शबूद आन, मी छापतो. शेवटचं कडवं बदलतो. बोल. काय सांगू त्येला?"

तुळाजीनं खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात त्यानं माझी बैलं तांबडी म्हनलीयात. आपली बैलं पांढरी. खिल्लारी. तेवढं सांग."

"आन् शेवटचं?"

"शेवटचं ऱ्हाऊ द्या."

"आरं, ते खोटं हाय!"

"म्हाईत हाय मला."

"मग?"

तो गजाजवळ आला. आवाज खाली केला, कदाचित वॉर्डरपासनं लपवायला.

"आई, हितं आनल्यापास्नं मी एकच इचार करतोय. म्या काय केलं म्हनून मला मारत्यात? कणा मोडला. आमी बसलो. सकाळी आलो. म्हाताऱ्याला उचाललं. ह्यात मरायजोगं काय हाय? पुन्यांदा पयल्यापास्नं इचार करायचा, गाडी जुंपल्यापास्नं. काय गावतच न्हाई. डोस्कं फुटायची येळ आली. मग हे लोक पवाडा म्हनाय लागले. त्यात समदं जुळतंय बग. मानूस चांदीला भुलतो, मारतो, पस्तावतो, फासावर जातो. आयकताना मला झोप लागली. किती दिसांनी लागली सांगू. त्यो तुळाजी कशापायी मरतो ते कळतं तरी."

 मग तो मलाच म्हणाला, "तुला तर कळाय पायजे, केरबा. गोष्ट कशी आसती ते."

वेळ संपली. मावशीची बोटं वॉर्डरनंच हळूच सोडवली. जाताना तुळाजी मागनं ओरडला, "बैलांचं इसरू नगा!"

बाहेर आलो. तुरुंगासमोर हौद होता, जनावरांना पाणी पाजायचा. मावशी त्याच्या कट्ट्यावर बसली.  मी म्हणालो, "मावशी, आपुन आपलंच सांगू शाहिराला. त्यो 'न्हाई केलं' म्हनला म्हनून सांगू. कुनाला कळतंय?"

तिनं मान वर केली. "केरबा, खरं सांग."

"काय?"

"केलं का रं त्यानं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मावशी! मी हुतो की त्याच्यासंगं! रातभर! खांद्याला खांदा लावून बसलो हुतो घाटात!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, हसून तर नाहीच. नुसतं पाहिलं, आणि म्हणाली, "तू म्हनतोस."

मी शपथा घेतल्या. देवाच्या घेतल्या, मेलेल्या बापाच्या घेतल्या, कट्ट्यावर डोकं टेकवलं. ती ऐकत होती. मधेच माझ्या पाठीवरनं हातही फिरवला तिनं, लहान पोर खोटं बोलताना रडायला लागलं की फिरवतात तसा. जसजसा मी जास्त बोलत गेलो तसतसं ते मलाही पोकळ ऐकू यायला लागलं. घाट, कांदा, थंडी. 

संध्याकाळी ती एकटीच शाहिराकडं गेली. काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही.

सोमवारी फटफटायच्या आधीच तुरुंगाच्या दारात माणूस मावत नव्हतं. चहाची किटली आली होती, भुईमुगाच्या शेंगांची पाटी आली होती. आम्ही प्रेत न्यायला गाडी आणली होती, ती लिंबाखाली सोडली. गावचं दुसरं कुणी आलं नव्हतं. रावबा शाहीर भिंतीशी उभा होता, काखेत नव्या चोपड्यांचा गठ्ठा. शाई अजून ओली असावी, त्याची बोटं काळी झाली होती. त्यानं एक मला दिली. मी दुसरं कडवं काढलं. बैलं पांढरी होती. मग मागचं पान उलटून पाहिलं. तिथं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

लोक त्याला म्हणत होते, "शाहीर, होऊ द्या की!" तो मान हलवत होता. डफ पोतडीतनं बाहेरच काढला नव्हता. त्याच्या साथीदारानं तर सरळ सांगितलं होतं म्हणे, आईच्या देखत मी नाही उभा राहणार, आणि तो निघून गेला होता. वर्षातला सगळ्यात मोठा खप पायाशी चालत आला होता आणि तो माणूस तोंड मिटून उभा होता. असाही शाहीर मी पाहिलाय. कुणी मानलं नाही तरी सांगतो.

आत कुठंतरी बूट वाजले. दाराशी गलका एकदम थांबला.

सावळामावशी रावबापुढं गेली. "बुवा, म्हना."

"आज नको, माउली."

"म्हना. शेवटचं तेवढं."

"आई, माझ्या तोंडून नाही निघायचं."

"त्येला आयकू जातं भितीवरनं," ती म्हणाली. "त्येला बरं वाटतं आयकून. झोप लागती म्हनला. म्हना, उशीर व्हईल."

रावबानं डफ काढला.  त्या थंडीत त्याचा आवाज भिंतीवरनं सरळ वर चढत गेला. फासाखाली उभा राहुनी. मावशीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मीच केलं हे पाप, आई. तिला सगळं पाठ झालं होतं.

कडवं संपलं आणि पोवाडा तिथंच अडला. झील धरायला, 'जी जी' ओढायला कुणी नव्हतं. मागनं झील आल्याशिवाय शाहिराला पुढं जाता येत नाही. म्हटलेलं नुसतंच हवेत टांगून राहतं. गर्दीतलं कुणी तोंड उघडेना. रावबा डफ धरून तसाच उभा. आत बूट थांबले होते.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "धर की रं," ती म्हणाली.

मी डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला. "जी जी र जी." तेव्हा माझा आवाज चांगला खणखणीत होता, दोन शिवारांपलीकडं जायचा. आत त्यानं ओळखला असणार.